अमेरिकेतलं ड्रग कोर्ट: प्रवेश कोणाला, आत काय चालतं आणि सही करण्याआधी काय विचारायचं

ही प्रश्नोत्तरं अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहेत, आणि रात्री-अपरात्री त्यांचे फोन घेणाऱ्या भारतातल्या आईवडिलांसाठीही. घरातलं कोणी अमली पदार्थांच्या केसमध्ये अडकलं की पहिले काही दिवस कोणालाच काही सुचत नाही. नेमक्या त्याच दिवसांत वकील विचारतो, "ड्रग कोर्ट घ्यायचं का?" उत्तर घाईत दिलं जातं आणि त्याचे परिणाम वर्षानुवर्षं भोगावे लागतात. प्रत्येक राज्याचे, बऱ्याचदा प्रत्येक काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नियम वेगळे असतात, त्यामुळे इथलं वाचून वकिलाला नेमके प्रश्न विचारा. वकिलाची जागा हे लिखाण घेऊ शकत नाही.

ड्रग कोर्ट म्हणजे मुंबईतल्या एनडीपीएस कोर्टासारखंच ना?

नाही, आणि हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा. मुंबईत किंवा पुण्यात एनडीपीएस कायद्याखालचे (भारतातला अमली पदार्थविरोधी कायदा) खटले ज्या विशेष न्यायालयात चालतात, तिथे आरोप सिद्ध होतो की नाही एवढंच ठरतं आणि मग शिक्षा किंवा सुटका होते. अमेरिकेतल्या ड्रग कोर्टात खटला बहुधा चालतच नाही. आरोपीला व्यसन आहे आणि गुन्ह्यामागे ते व्यसन आहे, हे मान्य करून कोर्ट त्याला उपचारांना पाठवतं आणि न्यायाधीश वर्ष-दीड वर्ष स्वतः त्याच्यावर लक्ष ठेवतात. पूर्ण केलं तर आरोप रद्द होतात किंवा तुरुंगवास टळतो. अर्धवट सोडलं तर मूळ केस जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू होते.

ही पद्धत आली कुठून?

फ्लोरिडातल्या मायामीतून, १९८९ साली. क्रॅक कोकेनच्या लाटेत तिथले तुरुंग भरून गेले होते. तीच माणसं सुटत होती, पुन्हा नशा करत होती आणि पुन्हा पकडली जात होती. तिथल्या काही न्यायाधीशांनी आणि तेव्हाच्या मुख्य सरकारी वकील जॅनेट रेनो यांनी (त्या पुढे क्लिंटन यांच्या काळात देशाच्या अॅटर्नी जनरल झाल्या) हा वेगळा प्रयोग सुरू केला. १९९४ च्या फेडरल (केंद्रीय) कायद्याने अशा कोर्टांना अनुदान मिळू लागलं आणि ती देशभर पसरली. आज व्यसनमुक्तीच्या उपचारांशी जोडलेली अशी सगळ्या प्रकारची कोर्टं मिळून ४,००० च्या वर आहेत. माजी सैनिकांसाठी, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी, मुलांचा ताबा गमावण्याची वेळ आलेल्या पालकांसाठी आणि मूलनिवासी जमातींसाठीही वेगवेगळी आहेत. न्यू जर्सीत २०२२ पासून याला 'रिकव्हरी कोर्ट' म्हणतात. कागदांवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका. कॅनडात टोरोंटोला १९९८ साली आणि ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये १९९९ साली अशीच कोर्टं सुरू झाली, पण खाली लिहिलेले व्हिसाचे नियम अमेरिकेपुरतेच आहेत.

प्रवेश कोणाला मिळतो?

साधारणपणे चार गोष्टी पाहतात. आरोप त्या कोर्टाच्याच काउंटीत दाखल असावा. आरोपीला व्यसनाचा आजार आहे असं तपासणीत निघावं. नुसतं "कधीतरी घेतो" एवढं पुरत नाही. गुन्हा हिंसक नसावा, कारण फेडरल अनुदानाच्या कायद्यात हिंसक गुन्हेगारांना वगळलं आहे. आणि चौथी गोष्ट, म्हणजे आरोपीची स्वतःची तयारी. अनेक ठिकाणी सरकारी वकिलाची संमतीही लागते, आणि ती मिळेलच असं नाही.

गुन्हा अमली पदार्थ बाळगण्याचाच असावा लागतो असं मात्र नाही. नशेच्या पैशांसाठी केलेली चोरी किंवा खोटे चेकही बऱ्याच कोर्टांत चालतात. स्वतःच्या नशेपुरती किरकोळ विक्री करणाऱ्याला काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी दारातूनच परत पाठवतात.

मुलगा कॉलेजात आहे, पहिल्यांदाच पकडला गेलाय, जवळ थोडंसंच सापडलं. ड्रग कोर्ट मागू का?

बहुतेक वेळा नको. आईवडिलांना वाटतं, "कोर्टाच्या धाकाने तरी सुधारेल." पण ड्रग कोर्ट ज्यांच्यासाठी आखलंय ती माणसं वेगळी आहेत: व्यसन खोल गेलेलं, पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता जास्त आणि डोक्यावर खऱ्या तुरुंगवासाची टांगती तलवार. या क्षेत्रातली व्यावसायिक मानकंही असंच सांगतात की कमी धोक्याच्या माणसाला या कडक कार्यक्रमात घातलं तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं. त्याचे नवे मित्र कोण होतील याचा विचार करा. आठवड्याला दोन चाचण्या आणि दर पंधरा दिवसांनी तारीख सांभाळता सांभाळता त्याचं सेमिस्टर बुडेल, आणि एखादी तारीख चुकली तर किरकोळ केसमधूनच तो कोठडीत जाईल.

अशा मुलासाठी वकिलाला 'प्रीट्रायल डायव्हर्जन'बद्दल, म्हणजे खटला चालण्याआधीच केस बाजूला वळवण्याच्या सोयीबद्दल विचारा. कॅलिफोर्नियात साध्या बाळगण्याच्या केसमध्ये २०१८ पासून गुन्हा कबूल न करताच डायव्हर्जन मिळू शकतं. हा बदल मुख्यतः परदेशी नागरिकांचं होणारं नुकसान पाहूनच केला गेला.

आत नेमकं काय होतं?

सुनावणीच्या आधी बंद खोलीत एक बैठक होते. न्यायाधीश, सरकारी वकील, बचाव पक्षाचा वकील, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवणं) अधिकारी, उपचार केंद्राचा प्रतिनिधी आणि कोर्टाचा समन्वयक एका टेबलाभोवती बसून एकेकाची आठवड्याची खबर घेतात. चाचणीत काय निघालं, गटसत्रांना आला का, नोकरीचं काय झालं, राहायला कुठे आहे.

मग खुल्या कोर्टात एकेकाचं नाव पुकारतात. इथे वकील मागे उभा असतो आणि न्यायाधीश थेट त्या माणसाशी बोलतात. "मागच्या वेळी आईशी बोलणार म्हणाला होतास, बोललास का?" असे प्रश्न भारतीय कोर्टाची सवय असलेल्या माणसाला चमत्कारिक वाटतात. चांगलं चाललं असेल तर सगळं कोर्ट टाळ्या वाजवतं, एखादं छोटं कूपन किंवा प्रमाणपत्र देतात. बाकीचे सगळे मागच्या बाकांवर बसून हे पाहत असतात, आणि तेही मुद्दामच.

कार्यक्रम टप्प्याटप्प्याचा असतो. पहिल्या टप्प्यात दर एक-दोन आठवड्यांनी सुनावणी, पुढे महिन्यावर जाते. कमीत कमी बारा महिने धरून चाला. अठरा महिने लागणंही नेहमीचं आहे. न्यू जर्सीत 'स्पेशल प्रोबेशन' म्हणून पाच वर्षांपर्यंत मुदत असू शकते, आणि हा आकडा सही करण्याच्या आधी घरातल्या सगळ्यांना माहीत असायला हवा. शेवटी पदवीदानासारखा समारंभ होतो. त्याआधी बहुतेक कोर्टं सलग निदान नव्वद दिवस नशामुक्त राहण्याची अट घालतात.

चाचण्या कशा घेतात? आपल्या खाण्यापिण्यामुळे काही अडचण येते का?

येते. हा प्रश्न क्षुल्लक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बऱ्याच ठिकाणी रोज सकाळी एका नंबरवर फोन करून त्या दिवशी कोणत्या रंगाचा गट बोलावलाय ते ऐकायचं असतं. आपला रंग निघाला की ठरलेल्या वेळेत केंद्रावर जाऊन लघवीचा नमुना द्यायचा, तोही त्याच लिंगाच्या कर्मचाऱ्यासमोर. पहिल्यांदा हे फार लाजिरवाणं वाटतं. नमुना पाण्याने पातळ झालेला निघाला तर तो फसवणुकीचा प्रयत्न धरला जाऊ शकतो, म्हणून चाचणीआधी दोन-दोन लिटर पाणी पिऊन जाऊ नये.

आता स्वयंपाकघरात या. खसखशीमुळे मॉर्फिनची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि अनेक ड्रग कोर्टं खसखस खाणार नाही असं लिहूनच घेतात. म्हणजे दिवाळीचे अनारसे, खसखस लावलेल्या करंज्या, मटणाच्या वाटणातली खसखस, सगळं बंद. आईने भारतातून पाठवलेला फराळ प्रेमाचा असला तरी डबा उघडून नीट पाहा. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत मुळातच मद्यार्क असतो आणि दारूची लघवीतली संवेदनशील चाचणी तो पकडू शकते. खोकल्याची काही औषधं आणि मद्यार्क असलेलं माउथवॉशही टाळावं. होळीची भांग तर विचारूच नका, तो सरळ गांजाचाच निकाल येईल. भारतातून आणलेली प्रत्येक गोळी, चूर्ण आणि काढा आधी उपचार केंद्राला दाखवून लेखी परवानगी घ्या. नंतर "ते आयुर्वेदिक होतं" असं सांगून उपयोग होत नाही.

मधेच पुन्हा नशा केली तर थेट तुरुंग?

चांगल्या कोर्टात नाही. व्यसनात घसरण होते हे धरूनच कार्यक्रम आखलेला असतो. पहिल्या महिन्यांत चाचणी पॉझिटिव्ह आली तर बहुधा उपचार वाढवतात. चाचणी चुकवणं, खोटं बोलणं, दुसऱ्याचा नमुना देणं याला मात्र शिक्षा होते: समाजसेवेचे तास, जास्त वेळा हजेरी आणि क्वचित काही दिवसांची कोठडी. ही कोठडी थोड्या दिवसांची आणि ठरलेल्या मुदतीची असावी असं व्यावसायिक मानकं सांगतात. सगळी कोर्टं ती पाळतात असं समजू नका. काही न्यायाधीश आठवडेच्या आठवडे आत ठेवतात, आणि त्यावर डॉक्टरांच्या व मानवाधिकारांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी रास्त टीका केली आहे. म्हणून आपल्या काउंटीतलं कोर्ट प्रत्यक्षात कसं वागतं हे तिथे रोज उभ्या राहणाऱ्या वकिलाकडून कळून घ्या.

एक गोष्ट मुलाला किंवा मुलीला पुन्हा पुन्हा सांगा: घेतलं असेल तर चाचणीआधी स्वतःहून सांगायचं. आपल्याकडे चूक लपवण्याचं वळण लहानपणापासून लागतं, आणि या कोर्टात तेच सगळ्यात महाग पडतं.

मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू असेल तर प्रवेश नाकारतात का?

नाकारू नये. हेरॉइन, फेंटानिल, वेदनाशामक गोळ्या यांच्या व्यसनावर ही मान्यताप्राप्त औषधं आहेत आणि त्यांच्यामुळे जीव वाचतात. "एका नशेऐवजी दुसरी नशा" असं म्हणणारे लोक कोर्टातही भेटतील आणि आपल्या घरातही. फेडरल न्याय खात्याने २०२२ साली स्पष्ट केलं की डॉक्टरांनी लिहून दिलेली ही औषधं सरसकट बंद करायला लावणं हा अपंगत्वविषयक कायद्याचा भंग ठरू शकतो. प्रवेशासाठी औषध सोडायला सांगितलं तर वकिलाला लगेच कळवा आणि डॉक्टरांना न विचारता डोस थांबवू नका. काही काळ बंद ठेवून पुन्हा जुन्याच प्रमाणात नशा केली तर ओव्हरडोसने मृत्यू येण्याचा धोका फार मोठा असतो.

आत येण्यासाठी गुन्हा कबूल करावा लागतो का?

पुष्कळ ठिकाणी हो. काही कोर्टं कबुलीआधीच घेतात: आरोप थांबवून ठेवायचे, कार्यक्रम पूर्ण झाला की रद्द करायचे. पण बरीचशी कोर्टं आधी गुन्हा कबूल करायला लावतात आणि शिक्षा पुढे ढकलतात किंवा प्रोबेशन देतात. कॅलिफोर्नियात २०२४ च्या मतदानातून आलेल्या नव्या कायद्यात, अमली पदार्थांच्या आधीच्या दोन केसमध्ये दोषी ठरलेल्यांना उपचारांचा मार्ग हवा असेल तर आरोप मान्य करावा लागतो किंवा निदान आव्हान न देण्याची भूमिका घ्यावी लागते.

अमेरिकी नागरिकासाठी हा फरक महत्त्वाचा आहेच. जो नागरिक नाही त्याच्यासाठी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आम्ही ग्रीन कार्डवर आहोत, मुलगी एफ-वनवर, जावई एच-वन-बीवर. शेवटी आरोप रद्दच होणार असतील तर व्हिसाला काय धोका?

मोठा धोका आहे. घरातल्या बाकी कोणाला एवढंच वाचायला वेळ असेल तर हे उत्तर वाचून दाखवा.

इमिग्रेशन कायद्यात 'दोषी ठरणं' याची स्वतःची व्याख्या आहे. आरोपीने गुन्हा कबूल केला, किंवा दोषी ठरवण्याइतक्या गोष्टी मान्य केल्या, आणि न्यायाधीशांनी त्याच्यावर कसलंही बंधन घातलं, की त्या कायद्याच्या दृष्टीने तो दोषी ठरला. मग पुढे ड्रग कोर्ट पूर्ण करून राज्याच्या न्यायालयाने कबुली मागे घेऊ दिली, आरोप पुसले, टाळ्या वाजवल्या, तरी इमिग्रेशनच्या नोंदीत दोष तसाच राहतो. न्यू जर्सीत कार्यक्रम पूर्ण केलेल्यांची नोंद पुसण्याची चांगली सोय आहे. तीही इथे कामाला येत नाही.

आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात इमिग्रेशन कायदा फार कठोर आहे. स्वतःसाठी तीस ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा सोडला, तर दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येतं. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात तो अजून अमली पदार्थच आहे. वीस वर्षं राहिलात, घर घेतलंत, मुलं इथे जन्मली, तरी हे लागू होतं.

दुसरा सापळा विमानतळावर असतो. कबुलीनंतर लगेच काही होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. मग गावी कोणी आजारी पडतं, तो जाऊन येतो आणि परतताना त्याला अडवतात. अशी कबुली दिलेल्या ग्रीन कार्डधारकाला परतताना नव्याने प्रवेश मागणारा म्हणून वागवता येतं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय अमेरिकेबाहेर पाऊल टाकू नका. नागरिकत्वाचा अर्जही त्याला विचारल्याशिवाय भरू नका.

मग वकिलाला काय विचारायचं?

आधी हे सांगा की आरोपी नागरिक नाही. नाव आणि उच्चारावरून वकील ओळखेल असं धरू नका, आणि इथे वाढलेल्या मुलाचा उच्चार ऐकून तर तो उलटच समजेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात ठरवलंय की कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर तसं सांगणं हे बचाव पक्षाच्या वकिलाचं कर्तव्य आहे. तो पडिला ग्रीन कार्डधारक होता, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात होता, आणि "एवढी वर्षं राहिलायस, काळजी करू नकोस" असं त्याच्या वकिलाने त्याला सांगितलं होतं.

मग विचारा: या कोर्टात कबुलीशिवाय प्रवेश आहे का? करारात गुन्हा घडल्याचं कुठे मान्य करून घेताय का? कारण 'प्रीट्रायल' नाव असूनही आत तशी कबुली लिहिलेली असेल तर ती नडू शकते. आरोप अमली पदार्थांऐवजी दुसऱ्या कलमाखाली बदलून मिळेल का? आणि ही कागदपत्रं गुन्हेगारी खटल्यांचं इमिग्रेशन अंग जाणणाऱ्या वकिलाने पाहिली आहेत का? नुसती एच-वन-बीची कामं करणारा वकील इथे पुरेसा नाही. पब्लिक डिफेंडर (सरकारने दिलेला वकील) असला तरी त्याच्या कार्यालयात असा तज्ज्ञ बऱ्याचदा असतो, फक्त मागावं लागतं.

कधीकधी इमिग्रेशनच्या दृष्टीने ड्रग कोर्ट न घेता, दुसऱ्या कलमाखाली थोडी शिक्षा भोगणंच शहाणपणाचं ठरतं. तसं झालं तरी उपचार थांबवू नका. व्यसनमुक्तीसाठी कोर्टाची परवानगी लागत नाही.

नोकरी, खर्च आणि बोभाटा?

नोकरी आणि शिक्षण चालू ठेवण्यावर कोर्टांचा भर असतो, पण पहिले तीन-चार महिने वेळापत्रक फार कठीण जातं. कार्यक्रमाची फी जागोजागी वेगळी असते. उपचारांचा खर्च विम्यातून निघू शकतो आणि मुलाला सव्विसाव्या वर्षापर्यंत पालकांच्या विम्यावर ठेवता येतं.

उपचारांच्या नोंदी फेडरल गोपनीयता नियमांखाली येतात. कोर्टाच्या टीमला त्या कळाव्यात म्हणून संमतीची सही घेतात. ती सही किती माहितीसाठी आणि किती काळासाठी आहे ते वाचा. सुनावणी मात्र सहसा खुली असते. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या भारतीय वस्तीच्या ठिकाणी मागच्या बाकावर ओळखीचा चेहरा निघू शकतो, ही तयारी मनात ठेवा. मंडळात काय बोलतील या भीतीने उपचार लांबवलेली घरं आहेत. तसं करू नका.

याचा खरंच उपयोग होतो का?

योग्य माणसाला, होतो. २३ ड्रग कोर्टांच्या एका मोठ्या अभ्यासात, दीड वर्षानंतरच्या मुलाखतीत, आधीच्या वर्षात नशा केल्याचं ड्रग कोर्टातल्या ५६ टक्के लोकांनी सांगितलं. तुलनेच्या गटात हे प्रमाण ७६ टक्के होतं. गुन्हा केल्याचं सांगणारे ४० टक्के विरुद्ध ५३ टक्के. पुन्हा अटक होण्यातला फरक मात्र तितका ठाम निघाला नाही. आकड्यांतून दिसतं की निम्म्याहून जास्त लोक घसरतात, आणि तरीही बाकीच्या मार्गांपेक्षा हा मार्ग बरा ठरतो. मला हे पुरेसं वाटतं. कृष्णवर्णीय आरोपींना प्रवेश आणि यश कमी मिळतं ही तक्रारही खरी आहे आणि ती अजून मिटलेली नाही.

भारतात असं काही आहे का?

या धर्तीचं कोर्ट नाही, पण कायद्यात दोन वाटा आहेत आणि त्या फार कमी कुटुंबांना माहीत असतात. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा 'अल्प प्रमाणा'चा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेतले तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९ नुसार, अशाच गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला न्यायालय शिक्षेऐवजी, त्याच्या संमतीने आणि बंधपत्रावर, उपचारांना सोडू शकतं. वर्षभरात उपचारांचा अहवाल न्यायालयाला द्यावा लागतो. अल्प प्रमाण म्हणजे गांजा एक किलोपर्यंत, हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत, कोकेन दोन ग्रॅमपर्यंत. वकिलाने अर्ज केला नाही तर ही कलमं आपोआप पुढे येत नाहीत, आणि मान्यता नसलेल्या खासगी केंद्रातला मुक्काम कायद्याच्या दृष्टीने मोजला जात नाही.

आत्ता लगेच कोणाला फोन करायचा?

अटक झाली असेल तर आधी वकील, आणि तोपर्यंत पोलिसांशी किंवा इमिग्रेशन अधिकाऱ्यांशी केसबद्दल एक शब्दही नाही. कोठडीतून घरी आलेल्या फोनवरही नाही, मराठीतही नाही. ते फोन ध्वनिमुद्रित होतात. उपचारांची माहिती अमेरिकेत १-८००-६६२-४३५७ या क्रमांकावर कुठल्याही वेळी विनामूल्य मिळते. भारतात केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे. घरात ओपिऑइडचं (हेरॉइन, फेंटानिल, त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या) व्यसन असेल तर नॅलॉक्सोनचा, म्हणजे ओव्हरडोस उलटवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे आजच आणून ठेवा. अमेरिकेत तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो, आणि तो कुठे ठेवलाय हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.